वेग होता, भरवसा नव्हता

मोटारशर्यतीच्या इतिहासात जिंकणाऱ्याचे नाव कोरले जाते आणि हरणाऱ्याचे विस्मृतीत जाते, असा सर्वसाधारण नियम आहे. १९६७ चा मोसम या नियमाला अपवाद ठरला. त्या वर्षी फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद न्यूझीलंडच्या डेनी हल्मने पटकावले. परंतु त्या मोसमाची आठवण निघते ती गुणतक्त्यात तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या जिम क्लार्कच्या नावाने. अकरापैकी चार शर्यती क्लार्कने जिंकल्या आणि सहा शर्यतींत तो सर्वांत पुढच्या जागेवरून सुटला. हल्मच्या खात्यावर विजय होते दोन, आणि पहिल्या जागेवरून तो एकदाही सुटला नाही. चालक सर्वांत वेगवान, गाडीही सर्वांत वेगवान, आणि तरीही विजेतेपद दुसऱ्याचे! हे कसे घडले हे समजून घ्यायचे, तर या स्कॉटिश शेतकऱ्याचे आयुष्य आणि ज्या यंत्रांवर त्याने ते सोपवले त्या यंत्रांची घडण, या दोन्ही गोष्टी एकत्रच पाहाव्या लागतात.

जिम क्लार्कचा जन्म ४ मार्च १९३६ रोजी स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातील किलमनी येथे एका सधन शेतकरी कुटुंबात झाला. चार बहिणींच्या पाठीवर झालेला हा एकुलता एक मुलगा. तो सहा वर्षांचा असताना कुटुंब दक्षिणेकडे, इंग्लंडच्या सीमेजवळच्या चर्नसाइड गावाशेजारी एडिंग्टन मेन्स या शेतावर राहायला आले. आजोबा आणि काका यांच्या निधनानंतर सोळाव्या वर्षी शाळा सोडून जिमला शेतीत लक्ष घालावे लागले. मेंढ्यांची पैदास, पेरणी, कापणी, बाजार हे त्याचे जग होते. अरुंद ग्रामीण रस्त्यांवर गाडी पळवण्याचा नाद लागला तो याच काळात. आईवडिलांना हा नाद मुळीच पसंत नव्हता. घरच्यांचे मन न दुखवता शर्यतीत उतरण्यासाठी त्याला सुरुवातीला बरीच लपवाछपवी करावी लागली.

वीस वर्षांचा असताना त्याने स्थानिक स्पर्धांत भाग घ्यायला सुरुवात केली. इयन स्कॉट-वॉटसन या शेतकरी मित्राने त्याच्यातील गुण हेरले, स्वतःच्या गाड्या त्याच्या हाती दिल्या आणि ‘बॉर्डर रिव्हर्स’ या सीमाभागातील संघातून त्याला पुढे आणले. डिसेंबर १९५८ मध्ये ब्रँड्स हॅच येथे क्लार्क एका लहान शर्यतीत लोटस एलिट गाडी घेऊन उतरला. प्रतिस्पर्धी होता त्याच गाडीचा जन्मदाता, कॉलिन चॅपमन. शर्यत चॅपमनने जिंकली खरी. पण या अननुभवी शेतकऱ्याने आपल्याला किती झुंजवले, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही. त्या ओळखीतून मोटारशर्यतीतील एक विलक्षण जोडी जन्माला आली. पुढे क्लार्क विश्वविजेतेपदाच्या ७२ शर्यतींत उतरला आणि या सर्व शर्यती तो लोटसच्याच गाड्यांतून धावला.

चॅपमन हा अभियंता म्हणून प्रतिभावंत होता. गाडीला वेग द्यायचा तर इंजिनाची ताकद वाढवण्याआधी गाडीचे वजन कमी करा, हे त्याचे सूत्र. गाडीतला प्रत्येक भाग शक्यतो दोन कामे करणारा हवा आणि गरजेपेक्षा एक मासाही जड नको, हा त्याचा आग्रह. १९६२ मध्ये त्याने लोटस २५ ही गाडी आणली. तोवर शर्यतीच्या गाड्यांचा सांगाडा लोखंडी नळ्या जोडून केला जाई. चॅपमनने पातळ पत्र्याची पोकळ पेटीच सांगाडा म्हणून वापरली. चालक तिच्यात जवळजवळ आडवा पहुडलेला असे. गाडी हलकी झाली, सडपातळ झाली आणि तरीही पूर्वीपेक्षा कितीतरी ताठ राहिली. या एका कल्पनेने पुढच्या काही वर्षांत सगळ्या संघांना आपल्या गाड्या नव्याने आखायला लावल्या.

मात्र या हलकेपणाची दुसरी बाजूही होती. लोटसच्या गाड्या मोडतात, अशी त्यांची ख्याती होती. १९६० मध्ये बेल्जियमच्या स्पा येथे सरावादरम्यान स्टर्लिंग मॉसच्या लोटसचे चाक निखळले आणि तो दोन्ही पाय मोडून रुग्णालयात गेला. त्याच शर्यतीत ख्रिस ब्रिस्टो आणि क्लार्कचा संघसहकारी ॲलन स्टेसी हे दोघे तरुण चालक मृत्युमुखी पडले. क्लार्कची ती फॉर्म्युला वनमधील दुसरीच शर्यत होती. पुढच्या वर्षी इटलीतील मोंझा येथे वोल्फगांग फॉन ट्रिप्सच्या फेरारीची आणि क्लार्कच्या लोटसची धडक झाली. फॉन ट्रिप्स आणि डझनाहून अधिक प्रेक्षक त्यात दगावले. क्लार्कला इजा झाली नाही. पण इटलीतील चौकशीचा ससेमिरा त्याच्यामागे बराच काळ लागला. शर्यत सोडून शेतीकडे परत जावे, असे विचार त्याच्या मनात त्या दिवसांत येऊन गेले. तो परत गेला नाही. स्पाचा रस्ता त्याला कधीच आवडला नाही, तरी १९६२ पासून सलग चार वर्षे तो तेथे जिंकला.

क्लार्कच्या चालवण्यात बघणाऱ्याला थरार वाटावा असे काही नसे. गाडी घसरते आहे, चालक चाकाशी झटापट करतो आहे, धूर निघतो आहे, असे दृश्य त्याच्या बाबतीत क्वचितच दिसे. वळणावर तो इतक्या अलगद वळे की घड्याळ पाहिल्याशिवाय वेगाचा अंदाज येऊ नये. त्याच्या गाडीचे टायर आणि ब्रेक इतरांपेक्षा कमी झिजतात, हे यांत्रिकांच्या लक्षात आले होते. गाडीत दोष असला तरी तो आपली पद्धत बदलून तोच वेग काढी. हा गुण खरा. पण त्यामुळे कधी कधी दोष झाकलाही जाई आणि अभियंत्यांना तो सापडत नसे. गाडीबाहेरचा क्लार्क मात्र अगदी वेगळा माणूस होता. लाजाळू, नखे कुरतडणारा, साध्यासाध्या गोष्टींतही निर्णय घेताना घुटमळणारा. चाक हाती आले की ही घालमेल कुठल्या कुठे नाहीशी होई.

यंत्राने दगा देण्याचा अनुभव त्याला लवकरच आला. १९६२ च्या मोसमातील अखेरची शर्यत दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडन येथे झाली. क्लार्क आरामात पुढे होता, जिंकला असता तर विश्वविजेताही झाला असता. पण इंजिनाचा एक लहानसा बोल्ट निखळला, तेल गळून गेले आणि विजेतेपद ग्रॅहॅम हिलकडे गेले. १९६३ मध्ये क्लार्कने त्याची भरपाई दणक्यात केली. दहापैकी सात शर्यती जिंकून तो पहिल्यांदा विश्वविजेता झाला. १९६४ मध्ये पुन्हा तेच. मेक्सिकोतील शेवटच्या शर्यतीत विजय हाताशी असताना अगदी शेवटी तेलाची नळी फुटली आणि जॉन सर्टीसला विजेतेपद मिळाले. एका बोल्टने आणि एका नळीने दोन वर्षांची मेहनत वाया घालवली होती.

१९६५ हे त्याचे सर्वोत्तम वर्ष. अमेरिकेतील इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत त्याने जिंकली ती २०० पैकी १९० फेऱ्यांत आघाडीवर राहून. इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवलेली गाडी तेथे प्रथमच विजयी झाली आणि अमेरिकी गाड्यांची जुनी घडण त्यानंतर झपाट्याने मागे पडली. या शर्यतीसाठी त्याने मोनॅकोची फेरी सोडली, तरीही सहा विजयांसह त्या वर्षीचे फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद त्याचेच झाले. सिल्व्हरस्टोन येथे तर अखेरच्या फेऱ्यांत इंजिनात तेल कमी उरले आहे हे कळताच, तो वळणावर इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळू देई आणि सरळ रस्त्यावर पुन्हा सुरू करी. हिल मागून झपाट्याने अंतर तोडत होता. क्लार्क तीन सेकंदांच्या फरकाने जिंकला. यंत्राची दुखणी ओळखून त्याला घरापर्यंत नेण्याची कला ती हीच.

१९६६ पासून नियम बदलले. इंजिनाची मर्यादा दीड लिटरवरून तीन लिटर करण्यात आली. लोटसला इंजिन पुरवणाऱ्या कव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीने नवे इंजिन बनवायचे नाही असे ठरवले आणि चॅपमनपाशी चांगले इंजिनच उरले नाही. बीआरएम कंपनीचे सोळा सिलिंडरचे अवजड इंजिन त्याने नाइलाजाने घेतले. क्लार्कने ते अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेन येथे जिंकवून दाखवले. त्या इंजिनाला मिळालेला तो एकमेव विजय.

याच वेळी ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्राभम वेगळ्याच वाटेने निघाला होता. तो स्वतः चालक, स्वतःच संघाचा मालक. रॉन टोरॅनॅक या आरेखकासह त्याने जुन्या पद्धतीच्या नळ्यांच्या सांगाड्याची साधी, आटोपशीर गाडी बांधली आणि तिच्यात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या रेप्को या ऑस्ट्रेलियन कंपनीचे इंजिन बसवले. ते इंजिन ताकदीने मध्यम, पण टिकाऊ आणि दुरुस्तीला सोपे होते. इतर संघ ताकदवान इंजिनांच्या मागे लागून अडखळत असताना चाळिशीतील ब्राभम १९६६ चा विश्वविजेता झाला, तोही स्वतःच्या नावाच्या गाडीतून. त्याचा संघसहकारी होता डेनी हल्म, एकेकाळी ब्राभमच्याच गॅरेजमध्ये यांत्रिक म्हणून राबलेला, मितभाषी आणि दणकट गडी.

चॅपमनचे उत्तर मात्र तयार होत होते. फोर्ड कंपनीच्या ब्रिटिश शाखेला त्याने एक लाख पौंड गुंतवायला राजी केले. नॉर्दम्प्टनच्या कॉसवर्थ या छोट्या कंपनीतील कीथ डकवर्थने त्या पैशातून आठ सिलिंडरचे नवे इंजिन घडवले. त्याचे नाव डीएफव्ही. सुमारे चारशे अश्वशक्तीचे हे इंजिन ताकदवान तर होतेच, पण त्याची खरी करामत बांधणीत होती. एरवी सांगाडा इंजिनाला तोलून धरतो. येथे इंजिन हाच सांगाड्याचा मागचा भाग होता. चालकाची पेटी त्याच्या पाठीमागे संपे, तिला थेट इंजिन बोल्टने जोडलेले, आणि मागच्या चाकांची जोडणी इंजिन व गिअरबॉक्सवर. ही कल्पना अगदी नवी नव्हती. पण इंजिन आणि गाडी एकमेकांसाठीच आखली गेल्याने ती इतक्या नेटकेपणे पूर्वी उतरली नव्हती. चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी आखलेली ही गाडी म्हणजे लोटस ४९. तिच्यासाठी दुसरा चालकही तोलामोलाचा हवा म्हणून क्लार्कचा जुना प्रतिस्पर्धी ग्रॅहॅम हिल याला बीआरएममधून लोटसमध्ये आणले गेले. आता शत्रू संघाबाहेरही होता आणि घरातही.

१९६७ चा मोसम सुरू झाला तेव्हा ही गाडी तयार नव्हती. दक्षिण आफ्रिका आणि मोनॅको या पहिल्या दोन शर्यतींत क्लार्कला जुन्या गाड्यांवर भागवावे लागले आणि दोन्हीत त्याला एकही गुण मिळाला नाही. मोनॅकोत हल्म जिंकला. पण त्या दिवशी फेरारीचा लोरेंझो बांदिनी पेटलेल्या गाडीत अडकून भाजला आणि तीन दिवसांनी मरण पावला. शर्यतीचा हिशोब गुणांत मांडला जात असला, तरी त्या काळी तो केवळ गुणांचा नव्हता.

लोटस ४९ रस्त्यावर उतरली ती ४ जून रोजी हॉलंडमधील झांडफूर्ट येथे. करांच्या कारणास्तव क्लार्क त्या वर्षी ब्रिटनबाहेर राहत होता, त्यामुळे गाडीच्या चाचण्या हिलने घेतल्या होत्या. क्लार्क त्या गाडीत पहिल्यांदा बसला तो थेट शर्यतीच्या ठिकाणी. हिल पहिल्या जागेवरून सुटला, पण त्याचे इंजिन लवकरच निकामी झाले. आठव्या जागेवरून सुटलेला क्लार्क एकेकाला मागे टाकत पुढे आला आणि जिंकला. अगदी नवे इंजिन, अगदी नवी गाडी आणि पदार्पणातच विजय! त्या दिवसापासून मोसम संपेपर्यंतच्या नऊही शर्यतींत पहिली जागा लोटस ४९ चीच राहिली.

पण पहिल्या जागेवरून सुटणे निराळे आणि शेवटपर्यंत पोहोचणे निराळे. स्पा येथे क्लार्क आघाडीवर असताना स्पार्क प्लगने घात केला, तो सहावा आला आणि ईगल गाडीतील डॅन गर्नी जिंकला. फ्रान्समध्ये लोटसच्या दोन्ही गाड्यांचे मागच्या धुरीचे दाते तुटले. ब्राभम पहिला, हल्म दुसरा. सिल्व्हरस्टोनला क्लार्क निर्विवाद जिंकला, तर हल्म शांतपणे दुसरा येऊन सहा गुण घेऊन गेला. जर्मनीच्या डोंगराळ न्यूरबुर्गरिंगवर क्लार्कने सरावात हल्मला नऊ सेकंदांहून अधिक फरकाने मागे टाकले होते. शर्यतीत काही फेऱ्यांतच त्याच्या गाडीची चाकाकडची जोडणी मोडली. जिंकला हल्म, दुसरा ब्राभम. कॅनडातील पावसात क्लार्कच्या गाडीच्या प्रज्वलन यंत्रणेने दगा दिला. पुन्हा ब्राभम पहिला, हल्म दुसरा.

ब्राभमच्या तंबूतही सगळे आलबेल नव्हते. मालक आणि नोकर हे दोघेच विजेतेपदाचे दावेदार होते. नवा सुटा भाग आला की ब्राभम तो प्रथम स्वतःच्या गाडीवर बसवून पाही. हल्मच्या वाट्याला जुने, पारखलेले भाग येत. मालकाचा हा हक्कच हल्मच्या पथ्यावर पडला. नवे भाग मोडत, जुने टिकत.

१० सप्टेंबरला मोंझा येथे क्लार्कने जे केले, ते आजही शर्यतीचे जाणकार आदराने सांगतात. तो आघाडीवर असताना टायर पंक्चर झाला. टायर बदलून तो परतला तेव्हा संपूर्ण एक फेरी मागे पडला होता. मोंझासारख्या सपाट, वेगवान मार्गावर, जेथे गाड्या एकमेकींच्या आडोशाने थव्याने धावतात, गेलेली फेरी परत मिळत नाही असेच सारे मानत. क्लार्कने ती परत मिळवली. सगळ्यांना गाठले, ओलांडले आणि शर्यत संपत आली असताना पुन्हा पहिला झाला. मग अखेरच्या फेरीत टाकीतले उरलेसुरले इंधन इंजिनापर्यंत पोहोचेना. गाडी अडखळत तिसरी आली. होंडातील सर्टीसने ब्राभमला निमिषमात्राच्या फरकाने हरवले. पण प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर राहिला तो तिसरा आलेला माणूस.

अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला फोर्डला लोटसच्या दोन्ही गाड्या पहिल्या दोन क्रमांकांवर हव्या होत्या. आपसात झुंजून गाड्या मोडू नयेत म्हणून आधीच नाणे उडवून विजेता ठरवण्यात आला आणि कौल हिलच्या बाजूने लागला. प्रत्यक्षात हिलची गाडी मध्येच बिघडली आणि क्लार्क पुढे गेला. दोन फेऱ्या उरल्या असताना क्लार्कच्या मागच्या चाकाचा आधारदांडा तुटला. चाक आत झुकले. तशाच लंगड्या गाडीने त्याने रेषा ओलांडली आणि हिल दुसरा आला. मेक्सिकोची शेवटची शर्यतही क्लार्कनेच जिंकली. पण तिसऱ्या आलेल्या हल्मला तेवढे पुरेसे होते. हल्म ५१ गुण, ब्राभम ४६, क्लार्क ४१. न्यूरबुर्गरिंग आणि मोंझा या दोन ठिकाणी गाडीने शेवटपर्यंत साथ दिली असती आणि क्लार्क जिंकला असता, तर त्याचे गुण ५५ झाले असते.

हल्मचे यश योगायोगाचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. शर्यत ही शेवटच्या रेषेपर्यंत असते आणि तेथपर्यंत पोहोचणारी गाडी बांधणे हेही अभियांत्रिकीच आहे. ब्राभमने ठाऊक असलेल्या गोष्टी चोख केल्या. चॅपमनने ठाऊक नसलेल्या गोष्टींना हात घातला. एकाला त्या वर्षीचे विजेतेपद मिळाले, तर दुसऱ्याच्या इंजिनाने १९८३ पर्यंत १५५ शर्यती जिंकल्या. गाडीचा एक अवयव म्हणून इंजिन वापरण्याची पद्धत तर पुढे सर्वांनीच स्वीकारली. मधल्या काळात किंमत मोजायची होती ती मात्र चाकामागे बसलेल्या माणसाने.

१ जानेवारी १९६८ रोजी दक्षिण आफ्रिकेत क्यालामी येथे क्लार्क जिंकला. हा त्याचा पंचविसावा विजय. अर्जेंटिनाच्या फान्जिओचा चोवीस विजयांचा विक्रम त्याने मोडला. गाडीतले दोष निस्तरत आले होते आणि हे वर्ष क्लार्कचेच, याविषयी कोणाला शंका नव्हती.

७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील हॉकनहाइम येथे तो फॉर्म्युला टू दर्जाच्या एका दुय्यम शर्यतीत उतरला. हवा कुंद, रस्ता ओलसर. पाचव्या फेरीत जंगलातून जाणाऱ्या वेगवान पट्ट्यावर त्याची लोटस एकाएकी आडवी झाली आणि झाडांवर आदळली. त्या पट्ट्याला तेव्हा लोखंडी कठडेही नव्हते. मागच्या टायरमधील हवा हळूहळू निघून गेली असावी, असा निष्कर्ष तपासाअंती निघाला. क्लार्क जागीच गेला. वय अवघे बत्तीस.

त्याच्या मृत्यूने इतर चालक हादरले ते दुःखाने आणि त्याहूनही अधिक भीतीने. इतक्या सफाईने चालवणारा, चुका न करणारा क्लार्क जर जाऊ शकतो, तर आपले काय, हा प्रश्न प्रत्येकासमोर उभा राहिला. त्यानंतर मे महिन्यात माइक स्पेन्स, जूनमध्ये लुडोविको स्कारफिओटी आणि जुलैत जो श्लेसर हेही शर्यतीच्या गाड्यांत बळी पडले. मार्गालगत कठडे, वैद्यकीय मदत, सुरक्षित गाड्या यांची मागणी जोर धरू लागली आणि क्लार्कचा देशबांधव जॅकी स्टुअर्ट तिचा सर्वांत आग्रही पुरस्कर्ता ठरला. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद लोटस ४९ घेऊन ग्रॅहॅम हिलने जिंकले आणि कोलमडलेल्या संघाला सावरले.

चर्नसाइडच्या दफनभूमीत क्लार्क विसावला आहे. त्याच्या शिळेवर विश्वविजेतेपदांचा आणि इंडियानापोलिसचा उल्लेख आहे. पण त्याआधी नोंद आहे ती एडिंग्टन मेन्सचा शेतकरी अशी. जवळच्या डन्स गावातील संग्रहालयात त्याचे करंडक मांडलेले आहेत. १९६७ च्या विश्वविजेत्याचा करंडक त्यांत नाही. त्या वर्षी त्याच्या गाडीत वेग होता, भरवसा नव्हता. भरवसा होता तो क्लार्कच्या हातांत. आणि यंत्राने साथ सोडल्यावर त्या हातांनाही करण्यासारखे काही उरत नाही, हे हॉकनहाइमच्या झाडांनी जगाला दाखवून दिले.